सह्याद्रीत चालणाऱ्यांनी वाळवंटात कुठे आणि कसं चालावं?

डोंबिवलीच्या एका ट्रेकरचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवरा-बायको सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. नाताळच्या सुट्टीत नऊ वर्षांचा मुलगा आणि चौसष्ट वर्षांची आई यांना घेऊन सात दिवस वाळवंटात जायचंय. उंटावर बसून फोटो काढून परत यायचं नाही, चालायचंय. जैसलमेर की कच्छ? रोज १५ किमी जमतील ना? आणि कळसूबाई करणाऱ्याला वाळू काय जड जाणार?"

तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलाय. जैसलमेर की कच्छ हे नंतर ठरवता येईल. चौघांनी दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या जमिनीवर चालायचं, हे आधी ठरवायला हवं. मुंबईहून गट घेऊन मी बरीच वर्षं राजस्थानच्या थर वाळवंटात आणि कच्छमध्ये जातोय. सह्याद्रीत तयार झालेली माणसं तिथे आली की पहिल्यांदा किलोमीटर आणि चढाई विचारतात. वाळवंटात या दोन आकड्यांवरून दिवस कसा जाईल याचा काहीच अंदाज येत नाही. तीन किलोमीटर खडकावर म्हणजे सकाळची रमतगमत फेरी, तेच तीन किलोमीटर भुसभुशीत वाळूत म्हणजे घाम काढणारं काम.

कळसूबाई करणाऱ्याला वाळू जड जाते का? जाते. कोरड्या वाळूत प्रत्येक पावलाला टाच रुतते आणि पाऊल थोडं मागे सरकतं. कडक जमिनीवर एखादं अंतर चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या दुपटीहून जास्त शक्ती तेवढ्याच अंतराला वाळूत लागते. हे मोजून सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे उतरताना गुडघे बोलायला लागतात. वाळूत आधी पोटऱ्या आणि घोट्याभोवतीचे स्नायू बोलतात, आणि त्यांना सह्याद्रीत तशी सवय झालेली नसते.

याची परीक्षा मुंबईतच घेता येते. एखाद्या रविवारी सकाळी चौघं अक्साच्या किंवा गोराईच्या किनाऱ्यावर जा. भरतीच्या रेषेच्या वर जी कोरडी वाळू असते तिच्यातून, पाठीवर नेहमीची सॅक घेऊन, तासभर चाला. पाण्यालगतच्या ओल्या, दाबलेल्या वाळूवर चालाल तर त्यातून काही कळणार नाही. तासाभरात आरामात जेवढं अंतर झालं, तेवढंच टेकड्यांवरचं तुमचं एका वेळचं अंतर धरा. बहुतेकांचं ते अडीच-तीन किलोमीटर भरतं. आईंना अर्ध्या तासात थांबावंसं वाटलं, तर ते इथेच कळलेलं बरं. त्यावरून तिथला मुक्काम कुठे घ्यायचा हे ठरतं.

वाळूच्या टेकडीवर चढायचीही एक रीत आहे. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांब उताराची आणि बरीच दाबलेली असते. आडोशाची बाजू उभी असते, साधारण ३३-३४ अंशांची. त्याहून जास्त उतार कोरडी वाळू धरूच शकत नाही, घसरते. थरमधली वाळू हलवणारा मुख्य वारा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे टेकडीगणिक थोडाफार फरक पडला तरी सौम्य उतार बहुधा नैर्ऋत्येला आणि उभा उतार ईशान्येला सापडतो. चढताना सौम्य बाजूने धारेवर या, पुढच्याच्या पावलात पाऊल टाका, आणि आईंना सगळ्यात शेवटी ठेवा म्हणजे त्यांना दाबलेली वाळू मिळेल. मुलाला उभ्या बाजूने पळत खाली जाऊ द्या. दोन-तीनदा जाईल, मग परत वर चढायचं कसं हे त्याचं त्यालाच कळेल.

आता पाणी. आपल्याला गडावर टाकं असतं, पायथ्याला गाव असतं, दोन लिटरची बाटली घेऊन निघालं की भागतं. ती सवय वाळवंटात सोडून द्या. सगळं पाणी निघतानाच पाठीवर किंवा उंटावर असलं पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो, शर्ट भिजतो, त्यामुळे पाणी जातंय हे कळतं. कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो, अंग कोरडंच राहतं आणि तहानही उशिरा लागते. म्हणून माझ्या गटात तहानेवर कुणी पाणी पीत नाही, घड्याळावर पितात. हिवाळ्यातही चालताना तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरोबर नाही, मीठ जायला हवं. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसली तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडतंय, हे मुलालाही शिकवून ठेवा. आईंना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर मीठ आणि पाणी किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच निघा; इथे माझा अंदाज कामाचा नाही.

डिसेंबरअखेर जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुंबईपेक्षा उशिरा. दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास हवा असते, पहाटे आठ-दहा अंश, थंडीची लाट आली तर त्याहून बरीच खाली. त्यामुळे आपला पहाटे चारला उठून निघायचा शिरस्ता तिथे चालत नाही. उजाडलं की निघायचं, साडेदहापर्यंत चालणं संपवायचं, पुन्हा साडेतीन-चारला बाहेर पडून सूर्यास्ताला मुक्कामावर यायचं. रात्रीच्या दवाने सकाळची वाळू थोडी घट्टही असते. या दोन तुकड्यांत मिळून खडकाळ जमिनीवर आठ-दहा किलोमीटर आणि वाळूत चार-पाच, यापलीकडे तुमच्या चौघांसाठी मी आखणार नाही. रोज १५ नकोच. तुम्हा दोघांना ते जमेलही, पण मग ही सहल चौघांची राहणार नाही.

आता जमीन. वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर लाटांसारखी पिवळी वाळू येते आणि लोक थेट जैसलमेरजवळचं सम गाव गाठतात. प्रत्यक्षात थरचा मोठा भाग खडक, मुरूम, गवताळ माळ आणि झुडपांचा आहे, आणि चालायला खरी मजा तिथेच येते. माझ्या मते सह्याद्रीच्या माणसाने वाळवंटाची सुरुवात जोधपूरला, मेहरानगडाच्या पायथ्याशी करावी. तिथे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे ७० हेक्टरांचं. तिथला खडक रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच, सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे ज्याला आपण पुरातन कातळ म्हणतो त्याच्या दहापट जुन्या खडकावर पाय ठेवता येतो. पकड उत्तम, पावलाला मुळीच न सरकणारा.

या जागेची गोष्ट मुलाला जरूर सांगा. तिथे सगळीकडे विलायती बाभूळ माजली होती, जिला मारवाडात बावळिया म्हणतात. वरून तोडली की ती पुन्हा फुटते, आणि मुळं तर खडकाच्या भेगांत शिरलेली. झाडांचे अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखाली २००६ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा खडक फोडण्यासाठी खंडवालिया समाजातले खाणकामगार आले. हातोड्याने ठोकून, आवाज ऐकून, खडक कुठून फुटेल हे ते सांगू शकत. हाताने एकेक मूळ काढलं, त्या खड्ड्यांत त्या मातीतलीच झाडं लावली. २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. आज तिथे थोर, कुमट, आणि पाऊस पडला की उगवून थोड्याच काळात वाळून जाणारी गवतं आहेत. रंगांच्या खुणा केलेल्या छोट्या पायवाटा आहेत, त्यातल्या काही एका तासात होतात. आईंना त्या सहज जमतील. ओसाड जमिनीवर पुन्हा तिचीच झाडं उभी राहताना बघणं, हे मला कुठल्याही सूर्यास्तापेक्षा मोठं वाटतं.

जोधपूरच्या आसपास खेजडीची झाडं दिसतील. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, हीच. १७३० मध्ये खेजडली गावात ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. गाव शहरापासून जवळ आहे, अर्धा दिवस काढता येतो.

जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने पाच तासांच्या आसपास. तिथे बारमेरच्या रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल इथे दगड झालेली झाडं आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. ज्या जमिनीवर आज वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे एके काळी उंच झाडांचं जंगल होतं. उन्हं चढायच्या आत जा, सावली अजिबात नाही.

वाळूच्या टेकड्यांसाठी सम आणि खुरी हे दोन पर्याय सगळे सांगतात, दोन्ही जैसलमेरपासून साधारण ४० ते ५० किलोमीटरवर. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात सम मी टाळतो. जीपगाड्यांची रांग, मोठ्या आवाजातला नाच, टेकडीवर प्लास्टिक. खुरीलाही आता गर्दी असते, पण गावातल्या कुटुंबाकडे राहिलात आणि सकाळी उंटवाल्याबरोबर चालत बाहेर पडलात, तर अर्ध्या तासात आवाज मागे पडतो. उंट सामान आणि पाणी वाहायला घ्या, आईंना कंटाळा आला की त्या बसतील. सवय नसलेल्याने एका वेळी तासाभराहून जास्त उंटावर बसू नये, मांड्या आणि कंबर धरते.

मुक्काम ठरवताना दोन गोष्टी विचारा: रात्री गाणी किती वाजेपर्यंत असतात, आणि जीपने टेकडीवर धुमाकूळ घालायची सफर ते विकतात का. दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर ती जागा सोडा. टेकड्यांच्या मधल्या सपाटीवर सेवण नावाचं गवत असतं, ते वाळू धरून ठेवतं. चाकांखाली ते मेलं की वाळू सुटते. हाच पट्टा माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. आपल्या सोलापूर-नान्नजच्या माळावर तो पक्षी जवळपास दिसेनासा झाला. जगात उरलेल्यांपैकी बहुतेक इथे, ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये आणि त्याच्या आसपास आहेत. उद्यानात परवानगी घेऊनच जा आणि पक्षी दिसला तर जवळ जायचा प्रयत्न करू नका.

कच्छचं गणित वेगळं आहे. तिथे वाळूच्या टेकड्यांसाठी जायचं नाही. तिथे मीठ, गवत आणि एकटे उभे डोंगर आहेत. धोरडोजवळचं पांढरं रण पावसाळ्यानंतर बराच काळ पाण्याखाली असतं, डिसेंबरपर्यंत सुकत जातं. मिठाच्या थरावर षटकोनी ताटं मांडल्यासारख्या आकृत्या उमटतात. त्यावरून चालता येतं, पण जिथे लोक चालतात तिथेच. थराखाली चिखल असतो आणि वरून तो ओळखू येत नाही. क्षितिजावर एकही खूण नसते, दुपारी मृगजळ दिसतं, दिशा पटकन चुकते. पौर्णिमेच्या आसपास जाता आलं तर जरूर जा. काळा डोंगर कच्छमधला सर्वांत उंच, सुमारे ४६० मीटर, वर दत्ताचं मंदिर आणि उत्तरेला रणाचा अफाट विस्तार. गाडी वरपर्यंत जाते, आईंसाठी सोयीचं. मंदिरातला प्रसाद कोल्ह्यांना घालायची तिथली जुनी रीत आहे.

खरी चढाई हवी असेल तर नखत्राणा तालुक्यातला धिणोधर, ३८६ मीटरचा. ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला हा खडक, आणि त्याचं नातं आपल्या दख्खनच्या लाव्ह्याशीच आहे. पायथ्याला कानफाट्या जोग्यांचा ठाणचा मठ. धोरमनाथांनी या डोंगरावर बारा वर्षं उलटं उभं राहून तप केलं आणि डोळे उघडले तेव्हा समोरचा समुद्र आटून रण झालं, अशी आख्यायिका तिथे सांगतात. रण पूर्वी समुद्राखाली होतं हे भूगर्भशास्त्रही सांगतं. पुढे दोन दिवस असतील तर खावड्याहून रणातून जाणाऱ्या रस्त्याने खदीर बेटावर धोलावीरा हे हडप्पाकालीन शहर गाठा. ते २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. तिथले दगडी जलाशय उतरून बघा. इतक्या कोरड्या बेटावर हडप्पाकालीन माणसांनी दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी कसं अडवलं हे पाहिलं की पाठीवरच्या बाटलीची किंमत कळते.

मग तुम्ही कुठे जावं? हे मुलाच्या शाळेच्या तारखांवर आणि आईंच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. तुमच्या मनात वाळू आहे, म्हणून या वेळी जोधपूर-जैसलमेरच करा: जोधपूरला दोन रात्री, जैसलमेरला दोन, खुरीला एक, उरलेल्या प्रवासात. वाळूसाठी एक संध्याकाळ आणि एक सकाळ पुरते, बाकी वेळ खडकावर. अक्साच्या परीक्षेत आईंना वाळू अजिबात झेपली नाही तर मात्र बेधडक कच्छ निवडा. तिथे जवळजवळ प्रत्येक जागी गाडी जाते आणि तुम्ही दोघं धिणोधर चढत असताना त्या मठात बसू शकतात. दोन्ही एकाच सात दिवसांत कोंबू नका, सगळा वेळ गाडीत जाईल. मार्च ते जून तर दोन्हीकडे चालायला जाऊच नये; पाऊस सुरू झाला की छोटं आणि मोठं रण दोन्ही पाण्याखाली जातं.

सामानाचं थोडक्यात. जाळीचे बूट नकोत, वाळू आत शिरते आणि पायाला फोड येतात. बंद, हलके बूट आणि वर कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं आवरण, चांगले. भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोंडे मोज्यांत असे अडकतात की हाताने एकेक काढावे लागतात, गेटरने तेही वाचतं. मिठावर घातलेले बूट परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा. डोक्यावर टोपीपेक्षा मोठा सुती पंचा बरा, तोंड-नाकही झाकतं. रणात काळा चष्मा हवाच. ओठांना आणि नाकाच्या आत थोडं खोबरेल तेल लावा, कोरड्या हवेत मुलांच्या नाकातून रक्त येतं. पहाटेसाठी सह्याद्रीतल्या विंडचीटरवर भागणार नाही, स्वेटर आणि कानटोपी घ्या.

फुरसं तुम्हाला कोकणातून माहीत असेल. थरमध्येही ते आहे आणि रात्री वाळूवर फिरतं. थंडीत ते कमी बाहेर पडतं, तरी अंधारात अनवाणी किंवा चपलेत हिंडू नका, टॉर्च लावा, सकाळी बूट झटकून घाला. चावलंच तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका. पाय हलू न देता सरळ मोठं रुग्णालय गाठा. ते किती अंतरावर आहे हे मुक्काम ठरवतानाच विचारून ठेवा.

दोन्ही प्रदेश सीमेलगत आहेत. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, मुलाचंसुद्धा. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. सीमेकडच्या काही भागांत जायला वेगळी परवानगी लागते. खावड्यापलीकडच्या इंडिया ब्रिजवर कॅमेरा बाहेर काढायचा नाही. ड्रोन घरी ठेवा. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही, त्यामुळे मोबाइलची रेंज नसेल अशा ठिकाणी स्थानिक माणूस बरोबर असणं हाच मार्ग. गुगल मॅपच्या भरवशावर स्वतःची गाडी रणात घालू नका.

तिकिटांचं आजच बघा. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला सूर्यनगरी एक्स्प्रेस जाते, भुजला कच्छ एक्स्प्रेस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या आठवड्याचं पहिल्याच सकाळी संपतं. जैसलमेरहून मुंबईची थेट गाडी रोज नसते. परतीचं तिकीट जोधपूरहूनच काढा आणि आदल्या रात्री जैसलमेरहून जोधपूरला येऊन राहा. अक्साला किती चाललात आणि आईंचं काय झालं ते कळवा, त्यावरून खुरीला गावात राहायचं की जैसलमेरहून जाऊन-येऊन करायचं ते सांगतो.